‘करवियलें’पासून ‘मेक’पर्यंत : प्रयोजक रचनेचा इतिहास आणि मराठी विद्यार्थी

१

श्रवणबेळगोळ येथील गोमटेश्वराच्या मूर्तीच्या पायाशी जे लेख कोरलेले आहेत, त्यांत एकच आशय तीन भाषांतून सांगितलेला आहे. चावुंडराजाने हे करविले, एवढाच तो आशय होय. कानडीत तेथे ‘माडिसिदं’ हे क्रियापद आहे, तमिळात ‘चेय्वित्तान्’ आहे आणि मराठीत ‘करवियलें’ आहे. गंगांचा मंत्री चावुंडराय याने मूर्ती उभारली ती दहाव्या शतकाच्या अखेरीस. होयसळ राजा विष्णुवर्धन याचा सेनापती गंगराज याने भोवतीचे सुत्तालय बांधविले ते बाराव्या शतकाच्या आरंभी. मराठी ओळी नेमक्या कोणत्या काळी कोरल्या गेल्या याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. शं. गो. तुळपुळे यांच्या ‘प्राचीन मराठी कोरीव लेख’ (१९६३) या ग्रंथामुळे असे लेख अभ्यासकांस एकत्र उपलब्ध झाले आणि मराठीच्या आरंभकाळाची चर्चा त्यांच्या आधारे पुष्कळ झाली. तथापि या लेखांतील एका गोष्टीकडे व्याकरणाच्या दृष्टीने जितके लक्ष जावयास हवे होते तितके गेलेले नाही. मराठीच्या अगदी जुन्या ज्ञात वाक्यांपैकी हे एक वाक्य आहे आणि त्याचे क्रियापद प्रयोजक आहे. राजाने मूर्ती ‘केली’ असे ते म्हणत नाही. ‘करविली’ असे म्हणते.

तिन्ही भाषांतील क्रियापदे आणखी एका दृष्टीने पाहण्यासारखी आहेत. कानडीने ‘माडु’ या धातूस ‘इसु’ हा प्रत्यय जोडला, तमिळाने ‘चेय्’ या धातूस ‘वि’ जोडला आणि मराठीने ‘कर’ या धातूस ‘अव’ जोडला. दोन द्राविड भाषा आणि एक आर्य भाषा; पण दुसऱ्याकडून करविण्याचा अर्थ तिघींनीही धातूच्या पोटातच घातला. इंग्रजीत हेच सांगावयाचे झाल्यास एका क्रियापदाने भागत नाही. तेथे एक क्रियापद करविणाऱ्याचे आणि दुसरे करणाऱ्याचे, अशी दोन घ्यावी लागतात. आणि त्या दोहोंमध्ये ‘टू’ हा शब्द घालावयाचा की नाही, हा प्रश्न उभा राहतो.

सोलापूरच्या विद्यार्थ्यापुढे हा प्रश्न नित्य येतो. या शहरात मराठी, कानडी, तेलुगू आणि दखनी उर्दू या चार भाषा शेजारी शेजारी नांदतात. अक्कलकोट व दक्षिण सोलापूर या तालुक्यांत कानडी घरोघर आहे. शहराच्या पूर्व भागात तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांची तेलुगू आहे. या चारही भाषांत प्रयोजक अर्थ प्रत्ययाने व्यक्त होतो: मराठीत ‘करविणे’, कानडीत ‘माडिसु’, तेलुगूत ‘चेयिंचु’, उर्दूत ‘कराना’ किंवा ‘करवाना’. अशा घरातून आलेला विद्यार्थी इंग्रजी शिकू लागला की त्याला सांगण्यात येते, ‘मेक’ आणि ‘लेट’ यांच्यापुढे ‘टू’ येत नाही, पाठ करा. तो पाठ करतो आणि परीक्षेत ‘ही मेड मी टू गो’ असे लिहून येतो. ही चूक अडाणीपणाची मानली जाते. ती तशी नाही, तिला दोन भाषांचा इतिहास आहे आणि तो इतिहास समजून घेण्याची साधने आपल्याच व्याकरणपरंपरेत होती, हे दाखविणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

२

प्रथम इंग्रजीचाच इतिहास पाहू. इंग्रजीत प्रयोजक प्रत्यय कधीच नव्हता असे नाही. जर्मानिक भाषाकुलात मूळ धातूचा स्वर पालटून व त्यापुढे ‘य’-सदृश प्रत्यय लावून प्रयोजक धातू बनत असत. ‘सिट’ म्हणजे बसणे, ‘सेट’ म्हणजे बसविणे. ‘लाय’ म्हणजे पडून असणे, ‘ले’ म्हणजे ठेवणे. ‘फॉल’ म्हणजे पडणे, ‘फेल’ म्हणजे पाडणे. ‘ड्रिंक’ म्हणजे पिणे आणि ‘ड्रेंच’ म्हणजे मूळ अर्थाने पाजणे. या जोड्या आजच्या इंग्रजीत त्या जुन्या प्रक्रियेचे अवशेष म्हणून उरल्या आहेत. आपल्याकडील ‘पडणे-पाडणे’, ‘मरणे-मारणे’, ‘तुटणे-तोडणे’ या जोड्यांची आठवण येथे सहज व्हावी. साम्य केवळ बाह्य नाही. ‘सेट’ या शब्दाचा जर्मानिक पूर्वज आणि संस्कृतातील ‘सादयति’ हे रूप एकाच मूळ इंडो-युरोपीय रचनेतून आलेले आहेत. संस्कृत वैयाकरण ज्यास ‘णिच्’ म्हणतात, त्या प्रत्ययाचे एक दूरचे भावंड इंग्रजीतही एके काळी वावरत होते.

पुढे दोन्हीकडच्या वाटा वेगळ्या झाल्या. संस्कृतात ‘स्थापयति’, ‘दापयति’ यांसारख्या आकारान्त धातूंच्या रूपांत जो ‘आपय’ हा अंश होता, तो प्राकृतांनी उचलला व इतर धातूंनाही सरसकट लावला. अशोकाच्या गिरनार येथील लेखांत विहिरी ‘खानापिता’ आणि झाडे ‘रोपापिता’ अशी रूपे येतात ती याच वाटेवरची. या ‘आपे’चे ‘आवे’ झाले आणि त्यातून मराठीचा ‘अव’ आला. प्रत्यय झिजला, पण मेला नाही. उलट त्याचे क्षेत्र वाढले. रा. गो. भांडारकरांनी १८७७ साली मुंबईत दिलेल्या विल्सन भाषाशास्त्रीय व्याख्यानांपासून संस्कृत-प्राकृतातून देशभाषांपर्यंतच्या अशा स्थित्यंतरांचा शास्त्रीय मागोवा आपल्याकडे सुरू झाला.

इंग्रजीत मात्र प्रत्ययाचा ‘य’ मागील स्वरात मुरून गेला. नव्या धातूस लावता येईल असे काही हाती उरले नाही. तेव्हा भाषेने दुसरा मार्ग धरला, तो स्वतंत्र सहायक क्रियापदाचा. जुन्या इंग्रजीत ‘लेट’चा पूर्वज होता; त्याचा मूळ अर्थ ‘सोडणे, मागे ठेवणे’ असा असून त्यातून ‘करू देणे’ हा अर्थ आला. आज्ञा करणे या अर्थाचे एक क्रियापद होते, ते पुढे लुप्त झाले. मध्ययुगीन इंग्रजीत ‘डू’ हे क्रियापदही ‘करविणे’ या अर्थाने चालत असे. आल्व्हार एलेगोर्ड या स्वीडिश विद्वानाने १९५३ साली असे प्रतिपादन केले की, आजच्या इंग्रजीत प्रश्नार्थक व निषेधार्थक वाक्यांत जो निरर्थक वाटणारा ‘डू’ येतो, त्याचा उगम या प्रयोजक ‘डू’मध्येच आहे. हे मत सर्वांस मान्य आहे असे नाही. पण ते खरे असेल तर प्रत्येक इंग्रजी प्रश्नात एका जुन्या ‘करविणे’ची सावली आहे असे म्हणावे लागेल. ‘मेक’ हे क्रियापद या कामी पुढे आले ते या सर्वांच्या नंतर, सुमारे बाराव्या शतकापासून.

३

आता ‘टू’चा प्रश्न. क्रियापदाच्या ज्या रूपास इंग्रजी व्याकरणात इन्फिनिटिव्ह म्हणतात, त्यास येथे ‘तुमंत’ म्हणू. जुन्या इंग्रजीत तुमंताची रूपे दोन होती. एक नुसते, ‘अन्’ या अंत्यावयवाचे. हे मुळात धातुसाधित नामाचे द्वितीयेचे रूप होते. दुसरे ‘टू’ या अव्ययापुढे येणारे, त्याच नामाचे चतुर्थीचे रूप. या दुसऱ्या रूपाचा मूळ अर्थ ‘अमुक करण्यासाठी’, ‘अमुक करण्याकडे’ असा होता. कारण ‘टू’ म्हणजे ‘कडे’. म्हणजे साध्या तुमंताला ‘टू’ची गरज नव्हती. त्याची ओळख त्याच्या स्वतःच्या अंत्यावयवावरून होत असे. शक्यता, इच्छा, कर्तव्य दाखविणारी सहायक क्रियापदे, ‘लेट’ आणि पाहणे-ऐकणे या अर्थाची क्रियापदे या सर्वांपुढे हे नुसते रूप येई.

मध्ययुगात इंग्रजीचे अंत्यावयव झिजत गेले. ‘अन्’चे ‘एन्’ झाले, मग नुसता स्वर राहिला आणि शेवटी तोही उच्चारातून गेला. तुमंताचे रूप आणि मूळ धातू यांत भेद उरला नाही. तेव्हा ओळख पटविण्याचे काम ‘टू’वर येऊन पडले. जो शब्द पूर्वी हेतू दाखवीत असे, तो आता केवळ तुमंताची खूण बनला आणि एकामागून एक क्रियापदांपुढे पसरत गेला. ज्या क्रियापदांचा तुमंताशी संबंध अत्यंत जवळचा व नित्याचा होता, तेथे मात्र त्याला शिरकाव मिळाला नाही. ‘कॅन’, ‘मे’, ‘मस्ट’, ‘लेट’ यांच्यापुढे जुनेच रूप राहिले.

‘मेक’ची स्थिती मधली होती. ते उशिरा आलेले क्रियापद. त्यामुळे ‘टू’सह आणि ‘टू’वाचून, अशा दोन्ही रचना त्याच्यामागे शतकानुशतके चालत आल्या. १६११ साली प्रसिद्ध झालेल्या बायबलच्या इंग्रजी भाषांतरात, तेविसाव्या स्तोत्रातच, ‘मेक’पुढे ‘टू’ घातलेला आहे. म्हणजे आज आपण ज्याला विद्यार्थ्याची चूक म्हणतो ती रचना इंग्रजीच्या परमप्रतिष्ठित ग्रंथात शुद्ध म्हणून बसली आहे. ‘टू’विरहित रचना कायम झाली ती त्यानंतर. कर्मणी प्रयोगात तर जुना ‘टू’ आजही टिकून आहे: ‘ही वॉज मेड टू गो’ हेच शुद्ध, तेथे ‘टू’ गाळला तर चूक. ‘गेट’पुढे ‘टू’ हवाच. ‘हेल्प’पुढे तो असला तरी चालतो, नसला तरी चालतो. या सगळ्यात तर्कशास्त्र शोधू गेल्यास ते सापडणार नाही. इतिहास मात्र सापडतो. नुसते तुमंत हा नियमाला पडलेला अपवाद नव्हे. ‘टू’चा पूर चढत गेला तेव्हा जी उंच ठिकाणे कोरडी राहिली, ती ही होत.

४

हा इतिहास आपल्या विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचला नाही, त्याचे कारण व्याकरण ज्या वाटेने आपल्याकडे आले त्यात आहे. लिंडले मरे याचे इंग्रजी व्याकरण १७९५ साली निघाले. ज्या क्रियापदांपुढे ‘टू’ येत नाही त्यांची एक यादी त्यात आहे: बिड, डेअर, नीड, मेक, सी, हिअर, फील आणि सहायक नसलेले लेट. मरे कारण देत नाही. तो यादी देतो. त्या काळी इंग्रजीचा ऐतिहासिक अभ्यास बाल्यावस्थेत होता, त्यामुळे त्याला दोष देण्याचे कारण नाही. पण ती यादी जशीच्या तशी पुढे चालत राहिली. नेसफील्डच्या व्याकरणमालेतून ती हिंदुस्थानभर पसरली. १९३० नंतरच्या दशकांत रेन आणि मार्टिन यांच्या शालेय व्याकरणाने ती घरोघर नेली. मराठी विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्या द्वारकानाथ राघोबा तर्खडकर यांच्या भाषांतर पाठमालेवर इंग्रजी शिकल्या. वाक्यास वाक्य लावून शिकविण्याची ती पद्धत आपल्या परीने उपकारक होती. परंतु रचनेमागचा इतिहास सांगणे हे तिचे प्रयोजन नव्हते.

याच मरेच्या व्याकरणाचा आराखडा समोर ठेवून दादोबा पांडुरंग तर्खडकर यांनी १८३६ साली ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ प्रसिद्ध केले. ‘मराठीचे पाणिनी’ ही पदवी त्यांना लाभली. पण त्यांच्या ग्रंथाची चौकट पाणिनीपेक्षा मरेला अधिक जवळची होती. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी आपल्या निबंधांतून दादोबांच्या अनेक मतांची झडती घेतली, कृष्णशास्त्री गोडबोल्यांनी १८६७ साली नवे व्याकरण रचले आणि मोरो केशव दामल्यांनी १९११ साली ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ या बृहद्ग्रंथात पूर्वसूरींच्या मतांचा परामर्श घेतला. मराठीतील प्रयोजक क्रियापदाचे विवेचन या परंपरेत होत राहिले. परंतु शाळेतील वाटणी मात्र पक्की झाली: इंग्रजीच्या तासाला मरेची यादी, संस्कृतच्या तासाला णिच् आणि मराठीच्या तासाला ‘करणे-करविणे’. विद्यार्थी तोच, प्रश्न तोच, पण तीन भिंतींआड तीन उत्तरे. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले. सोलापूरची महाविद्यालये पुढे पुणे विद्यापीठाकडे, १९६२ साली कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाकडे आणि २००४ साली सोलापूरच्या स्वतःच्या विद्यापीठाकडे आली. परीक्षा घेणारे बदलले, यादी बदलली नाही.

५

ती भिंत नसती तर काय दिसले असते? दोन गोष्टी दिसल्या असत्या.

पहिली मराठीच्या तुमंताविषयी. मराठीतही तुमंताची रूपे दोन आहेत. एक ‘जाऊ, करू, रडू’ हे. जुन्या लेखनात ते ‘जाऊं, करूं’ असे सानुस्वार असे. त्याचा संबंध संस्कृत ‘तुम्’शी लावला जातो, आणि ‘तुम्’ हे मुळात ‘तु’ प्रत्ययान्त नामाचे द्वितीयेचे रूप होय. दुसरे ‘जायला, करायला’ हे. त्याचे जुने रूप ‘जावयास, करावयास’. संस्कृत ‘तव्य’पासून आलेल्या ‘जावे, करावे’ या रूपांचे सामान्यरूप करून त्यास चतुर्थीचा प्रत्यय लावला की ते सिद्ध होते. एक द्वितीयेतून आलेले, दुसरे चतुर्थीचे. एक उघडे, दुसरे प्रत्यययुक्त. जुन्या इंग्रजीतील दोन तुमंतांची मांडणी नेमकी हीच होती. ‘तो भाजी आणायला गेला’ यात जो हेतू आहे तोच इंग्रजी ‘टू’चा मूळ अर्थ.

साम्य एवढ्यावर थांबत नाही. मराठीतही ज्या क्रियापदांचा तुमंताशी संबंध जुना व घट्ट आहे, तेथे ‘ऊ’कारान्त रूपच राहिले आहे. ‘करू शकतो’, ‘करू नये’, ‘करू इच्छितो’, ‘करू पाहतो’ यांत ‘करायला’ चालत नाही. इंग्रजीतील ‘कॅन’, ‘मस्ट’ यांच्या जागा याच. उलट ‘लागणे’ या क्रियापदापुढे दोन्ही रूपे येतात: ‘मूल रडू लागले’ आणि ‘मूल रडायला लागले’. बोलण्यात दुसरे आज अधिक ऐकू येते. म्हणजे ‘ला’ची भरती मराठीतही चालू आहे. ती आपल्या डोळ्यांसमोर असल्यामुळे जे इंग्रजीत घडून गेले ते घडत असताना पाहण्याची संधी मराठीच्या अभ्यासकास आहे.

आणि प्रयोजक रचनांत? ‘त्याला जाऊ दे’ येथे नुसते तुमंत. ‘लेट हिम गो’ येथेही नुसते तुमंत. परंतु ‘त्याला जायला लाव’ येथे ‘ला’युक्त तुमंत, तर ‘मेक हिम गो’ येथे नुसते. मराठी विद्यार्थ्याची चूक नेमकी या जागी का व्हावी, याचा उलगडा येथे होतो. ‘लेट’पाशी त्याची मातृभाषा त्याला सांभाळून घेते, ‘मेक’पाशी तीच त्याला ‘टू’ घालावयास सुचविते, कारण तिच्या रचनेत तेथे ‘ला’ आहे. हे अनुमान खरे असेल तर ‘लेट’नंतर ‘टू’ घालण्याच्या चुकांपेक्षा ‘मेक’नंतरच्या चुका मराठी भाषक विद्यार्थ्यांत अधिक आढळाव्यात. उत्तरपत्रिका हाताळणाऱ्या कोणत्याही विभागास हे पडताळून पाहता येईल.

‘लेट’च्या बाबतीत शेजारच्या भाषांची साक्षही मनोरंजक आहे. मराठी ‘जाऊ देणे’, उर्दू-हिंदी ‘जाने देना’ आणि तेलुगू ‘वेळ्ळनिव्वु’ या तिन्हींत ‘देणे’ या अर्थाचे क्रियापद आहे. कानडीतील ‘होगलु बिडु’ या रचनेत ‘बिडु’ म्हणजे ‘सोडणे’, आणि इंग्रजी ‘लेट’चा मूळ अर्थही ‘सोडणे’ हाच होता. अक्कलकोटच्या कानडी विद्यार्थ्याची मातृभाषा या एका बाबतीत इंग्रजीच्या मराठीहूनही जवळ आहे. अर्थात ही साम्ये समान उगमाची नव्हेत. निरनिराळ्या भाषांनी एकाच गरजेपोटी स्वतंत्रपणे काढलेले ते मार्ग आहेत आणि त्यांचे महत्त्व त्यामुळे कमी होत नाही.

६

दुसरी गोष्ट अर्थाविषयी आहे आणि तिचे महत्त्व परीक्षेतील गुणांपलीकडे जाते.

पाणिनीने करविणाऱ्यास ‘हेतु’ म्हटले. परंपरेने करविणाऱ्यास प्रयोजक कर्ता आणि प्रत्यक्ष करणाऱ्यास प्रयोज्य कर्ता अशी नावे दिली. प्रयोज्य कर्त्याची विभक्ती कोणती, याचा निर्णय अष्टाध्यायीच्या पहिल्या अध्यायाच्या चौथ्या पादातील बावन्नाव्या सूत्रात आहे. गती, ज्ञान, भक्षण या अर्थांचे धातू, शब्द हे ज्यांचे कर्म आहे असे धातू आणि अकर्मक धातू यांचा मूळ कर्ता प्रयोजकात कर्म होतो. इतरांचा तृतीयेत राहतो. मुलाला गावाला जावयास लावले तर मुलगा द्वितीयेत. देवदत्ताकडून भात शिजविला तर देवदत्त तृतीयेत. पुढच्या सूत्रात ‘हृ’ आणि ‘कृ’ यांना विकल्प आहे.

मराठीने ही व्यवस्था बव्हंशी सांभाळली आहे. ‘मुलाला भरविले, पाजले, दाखविले, ऐकविले, शिकविले’ या सर्वांत ‘ला’ येतो. ‘त्याच्याकडून लिहविले, बांधविले, करविले’ यांत ‘कडून’ येतो. पहिल्या गटात क्रियेचा परिणाम प्रयोज्य कर्त्यावरच होतो. दुसऱ्या गटात तो केवळ काम पार पाडणारा असतो. इंग्रजीत असा विभक्तिभेद नाही. तेथे सर्वत्र ‘हिम’. मग तो भेद जातो कोठे? तो क्रियापदाच्या निवडीत जातो. बळाने करविले तर ‘मेक’, सांगून अथवा मोल देऊन करविले तर ‘हॅव’, मनधरणीने किंवा खटपटीने करविले तर ‘गेट’, आड न येता करू दिले तर ‘लेट’. मराठी भाषक ‘कडून’ आणि ‘ला’ यांत निवड करतो व बळाची मात्रा बहुधा अध्याहृत ठेवतो. इंग्रजी भाषकास बळाची मात्रा प्रथम सांगावी लागते, त्यावाचून वाक्यच सुरू होत नाही. ‘टू’ घातला की गाळला, यापेक्षा ही निवड अधिक अवघड आहे आणि यादी पाठ करून ती साधत नाही.

इतिहासाच्या अभ्यासकास याचा प्रत्यय कोरीव लेखांचे भाषांतर करताना येतो. सोलापूरचेच उदाहरण घेऊ. बाराव्या शतकातील सिद्धरामांनी सोन्नलिगे, म्हणजे आजचे सोलापूर, येथे तळे खोदविले आणि मंदिर उभारविले अशी परंपरा आहे. मराठी वाक्य येथे पुरे झाले. आता ते इंग्रजीत न्यावयाचे आहे. सिद्धरामांनी लोकांना खोदावयास लावले, की मजुरी देऊन खोदवून घेतले, की भक्तांची मने वळवून त्यांना कामास प्रवृत्त केले, की भक्त आपण होऊन आले आणि त्यांना खोदू दिले? ‘मेड’, ‘हॅड’, ‘गॉट’, ‘लेट’ यांपैकी जो शब्द भाषांतरकार लिहील, त्याबरोबर सिद्धरामांचा एक वेगळा इतिहास लिहिला जाईल. परंपरा तेथील श्रमाकडे सेवा म्हणून पाहते. जो ‘मेड’ लिहील, त्याने नकळत तिला वेठ ठरविले असे होईल. शिलालेखांच्या इंग्रजी भाषांतरकारांनी ‘कॉज्ड टु बी मेड’ अशी ठरीव शब्दयोजना करून हा पेच टाळला. मूळ लेखात जे नाही ते भाषांतरात येऊ नये, या दृष्टीने ते योग्यच झाले. पण त्यामुळे वाचकाच्या मनात तो प्रश्न उठावयाचाही राहिला. ‘माडिसिदं’ आणि ‘करवियलें’ या रूपांत करणाऱ्याचा उल्लेख नाही; तो गृहीत आहे आणि अदृश्य आहे. दगड कोणी फोडला, माती कोणी वाहिली आणि ती कोणत्या अटीवर वाहिली, हे प्रयोजक प्रत्यय सांगत नाही. इंग्रजीत भाषांतर करण्याचा खटाटोप करताना ते मौन आपल्या ध्यानात येते, हा त्या खटाटोपाचा लाभ होय.

७

येणेप्रमाणे पाहता निष्कर्ष असे निघतात. ‘मेक’ व ‘लेट’ यांच्यापुढे येणारे नुसते तुमंत हा इंग्रजीतील जुना थर आहे आणि ‘टू’ हा त्यावर चढलेला नवा थर. मराठीत ‘जाऊ’ आणि ‘जायला’ या रूपांनी हेच दोन थर आजही वापरात आहेत. प्रयोज्य कर्त्याचा जो विचार पाणिनीने केला, तो इंग्रजी क्रियापदांच्या निवडीवरही प्रकाश टाकतो. आपल्या वैयाकरणांनी इंग्रजीकडून चौकट घेतली, परंतु संस्कृताकडून मिळालेली दृष्टी इंग्रजीकडे वळविली नाही. आणि त्या राहून गेलेल्या कामाचा भार दीडशेहून अधिक वर्षे विद्यार्थ्याच्या स्मरणशक्तीवर पडत आला.

या विषयात करण्यासारखे काम पुष्कळ आहे. सोलापूर जिल्ह्यातील कानडी व मराठी लेखांतील प्रयोजक क्रियापदांची एक सूची तयार व्हावी. ‘रडू लागला’ आणि ‘रडायला लागला’ यांच्या प्रमाणाचा, जुन्या गद्यापासून आजच्या बोलीपर्यंत, कालानुक्रमे अभ्यास व्हावा. चार मातृभाषांच्या विद्यार्थ्यांच्या इंग्रजी लेखनातील ‘टू’च्या चुका वेगवेगळ्या मोजल्या जाव्यात. यांतील एकही काम मोठ्या ग्रंथालयावाचून अडणारे नाही. सामग्री याच शहरात, वर्गात आणि देवळांच्या ओवऱ्यांत आहे. तोवर निदान एवढे करता येईल की, ‘मेड मी टू गो’ या शब्दांखाली तांबडी रेघ ओढल्यावर अध्यापकाने समासात ‘जायला लावले’ एवढे दोन शब्द लिहावेत आणि ते ‘जाऊ दिले’शी ताडून पाहावयास विद्यार्थ्यास सांगावे.